गाडी निघाली पाहिजे

बातमी मला दवाखान्याच्या जिन्यात कळली आणि मशीन उतरेपर्यंत ती मला माझ्या नवऱ्याला सांगता येत नव्हती. हे वर डायलिसिसला लावलेले होते. आठवड्यातून दोनदा आम्ही पालमहून परभणीला येतो, तसेच त्याही दिवशी आलो होतो. गाडी चालवत होती आक्का, म्हणजे माझी मोठी नणंद. यांच्या हाताला नळ्या जोडून होईस्तोवर ती पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली, मग म्हणाली, "सुमे, मी खाली जाऊन गाडीचं पाणी बघते गं. मघाशी काटा लय वर चढायलता." बराच वेळ झाला तरी ती वर आली नाही म्हणून मी बघायला निघाले, तर वॉचमन जिन्यातच भेटला. "पांढऱ्या गाडीवाल्या बाई तुमच्याच ना?" एवढं विचारून तो नुसताच उभा राहिला... आक्का गाडीत, तिच्या जागेवर, मान मागं टाकून बसलेली सापडली होती. त्यांनी तिला तातडीनं आत नेलं, डॉक्टरांनी तपासलं, पण तिचं हृदय आधीच थांबलेलं होतं. करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मी तिथंच पायरीवर बसले. खालचे डॉक्टर म्हणाले, "तुमच्या मिस्टरांना आत्ता सांगू नका. त्यांचं बीपी आधीच खाली असतं, मशीनवर असताना धक्का नको." मग मी तोंड धुतलं, पदरानं पुसलं आणि वर जाऊन यांच्याजवळ स्टुलावर बसले. यांनी डोळे उघडून विचारलं, "आक्का कुठंय?" मी म्हणाले, "खाली हायत, गाडीपाशी." हे खोटं नव्हतं. "पाणी बघायली असंल," असं म्हणून यांनी परत डोळे मिटले. मी बोलघेवडी बाई आहे, माझ्या बडबडीनं हे आणि आक्का दोघंही बेजार असायचे. पण त्या दुपारी मी जीभ दाताखाली धरून यांच्या नळ्यांतून फिरणारं रक्त बघत बसले. मशीन उतरल्यावर, पट्टी बांधून झाल्यावर सांगितलं. यांनी पट्टीवर दुसरा हात ठेवला. मग विचारलं, "गाडी चालू होती का बंद?" मी म्हणाले, "बंद." "किल्ली?" "त्यांच्या हातात होती." यांनी मान हलवली, आणि मग ते लहान पोरासारखे रडले.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. आक्काबद्दल लिहायचं तर आधी एक सांगून टाकते. तोंडावर मी तिला जन्मभर 'तुमी' म्हणाले, पण मनात ती माझ्यासाठी कायम 'ती'च होती, तेव्हा इथंही तसंच लिहिते. नणंद म्हटलं की लोकांना टोमणे आठवतात. आक्कानं टोमणे पुष्कळ मारले, नाही असं नाही, पण ते बहुतेक गाडीखालून आलेले असायचे. मी नवी नवरी म्हणून या घरात आले तेव्हा सगळ्यांच्या पाया पडता पडता विचारलं, थोरल्या वन्सं कुठं आहेत? सासूबाईंनी घराच्या बाजूच्या पत्र्याच्या शेडकडे बोट केलं. तिथं एक मोपेड आडवी पडलेली होती आणि तिच्यापलीकडे साडीवर यांचा जुना फुलशर्ट चढवून, गळ्यातलं इष्टलिंग पाठीवर टाकून, एक बाई बसलेली होती. मी वाकले तर म्हणाली, "पाया नंतर पड, आधी ती पकड दे." पकड कुठली आणि पाना कुठला हे मला तेव्हा कळत नव्हतं. मी दिला तो पाना होता, हे तिनं पुढं कितीतरी वर्षं पाहुण्यारावळ्यांना सांगितलं.

ती शाळेत विज्ञान शिकवायची. तालुक्यातल्या आडगावांच्या शाळांत तिची बदली होत राहिली आणि एसटी जिथं सोडायची तिथून शाळा बरीच आत असायची, म्हणून तिनं मोपेड घेतली. काळ्या रानातल्या रस्त्यावर मोपेड बंद पडली तर विचारायला झाडसुद्धा नसतं, म्हणून मग ती दुरुस्ती शिकली. इतकं साधं कारण होतं. तिला त्यात कुणी धाडसबिडस म्हटलेलं आवडायचं नाही. लग्न तिनं केलं नाही. त्याबद्दल आमच्या घरात एकच किस्सा सांगतात. तिला बघायला आलेला मुलगा चहापोहे खाऊन निघाला तर त्याची मोटारसायकल चालू होईना. किक मारून मारून तो घामानं भिजला. आक्का बाहेर आली, प्लग काढला, त्यावरची काजळी काचकागदानं घासली, चिमट्यात धरून स्वयंपाकघरातल्या शेगडीवर गरम केला, परत बसवला आणि पहिल्या किकमध्ये गाडी चालू करून दिली. तिकडून परत निरोप आला नाही. हा किस्सा निघाला की आक्का म्हणायची, "चूक माझीच झाली. चालूच करायला नको होती. बसला असता इथंच."

तिच्या शेडमध्ये विकत आणलेली अवजारं थोडी आणि घरातून पळवलेल्या वस्तू जास्त. माझ्या माहेरहून आलेलं इडलीपात्र त्यात पहिलं गेलं. तिचं म्हणणं असं, की गाडी खोलणं कुणालाही जमतं, जोडताना एक नट हातात उरतो तिथं माणूस फसतो. म्हणून आधी काढलेले नट वरच्या ताटलीत, नंतरचे मधल्या, सगळ्यात शेवटचे खालच्या ताटलीत, आणि प्रत्येक जागेचे त्याच्या त्याच्या खळग्यात. जोडताना खालून वर यायचं. मी एकदा चिडून म्हणाले, "आक्का, लेकीला इडली खायचीय, आता मी काय कढईत लावू?" तर शांतपणे म्हणाली, "ढोकळा कर." आमच्या घरात तेव्हापासून ढोकळा होतो. बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी चढली की ती माझ्या डब्यातला खायचा सोडा गरम पाण्यात कालवून ओतायची, बुरशी फसफसून निघून जायची, मग वरून हिवाळ्यात ओठांना लावायचं व्हॅसलीन. दाराचं कुलूप अडकलं की शाळेतल्या पेन्सिलीचं शिसं खरवडून किल्लीला. इंजिनात कुठं खटखट होते ते ऐकायला लाकडी फूटपट्टी, एक टोक इंजिनावर आणि एक कानाच्या हाडाला. तीच पट्टी एकदा तिनं यांच्या छातीवर ठेवून ऐकली होती आणि म्हणाली होती, "टायमिंग बरोबर हाय बापू, तेल कमी खा."

सगळ्याच युक्त्या लागू पडायच्या असं मात्र नाही. दिव्याची पिवळी पडलेली काच टूथपेस्टनं घासून ती लख्ख होते असं तिनं कुठंतरी वाचलं आणि आमच्या घरातली होती नव्हती ती टूथपेस्ट संपवली. काच होती त्याहून धुरकट झाली आणि दोन दिवस आम्ही मिठानं दात घासले. पण तिच्या शेडमुळं झालेला सगळ्यात मोठा घोटाळा विभूतीचा. सायकलची, मोपेडची ट्यूब टायरात घालताना ती चिकटू नये, चिमटू नये म्हणून आक्का तिला अंगाला लावायची पावडर चोळायची. ती पावडर ठेवलेली असायची एका स्टीलच्या डबीत, आणि आमच्या देवघरातली विभूतीची डबी बरोबर तसलीच, एकाच दुकानातली. श्रावणातल्या एका सोमवारी सासूबाईंनी शेजारपाजारच्या बायका भजनाला बोलावल्या. सासूबाईंना तेव्हा नीट दिसत नव्हतं. ताटात डबी आली, एकेकीनं बोटं बुडवून कपाळावर तीन-तीन पट्टे ओढले, भजन रंगलं. घरभर गुलाबाचा मंद वास सुटलेला आणि बायका म्हणायल्यात, काय प्रसन्न वाटायलंय आज. आक्का दारात उभी राहून बघत होती. तिच्या लगेच लक्षात आलं, मला तिच्या तोंडावरून दिसलं. पण ती एक अक्षर बोलली नाही. बायका प्रसाद घेऊन गेल्यावर चप्पल घालता घालता म्हणाली, "आता वर्षभर एकीलाबी पंक्चरची भीती न्हाई."

यांच्या किडन्या निकामी झाल्याचं कळलं तेव्हा आक्का निवृत्त झालेली होती. आठवड्यातून दोनदा परभणी, सकाळी लवकरचा नंबर. आम्ही आधी एसटीनं करून बघितलं. जाताना जमायचं, पण येताना यांच्या अंगात त्राण नसायचं, पाय लटपटायचे, गंगाखेडला गर्दी चढली की उठून जागा द्या म्हणायला लोक कमी करत नाहीत, आणि आजारी माणूस तोंडावरून आजारी दिसतोच असं नाही. भाड्याची जीप सांगितली तर लग्नसराईत तो येतो म्हणून यायचा नाही. एकदा असाच नंबर चुकला. दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत यांचे पाय सुजले, आडवं झालं की श्वास लागायचा, बसून राहिले तरी घशात घरघर. अंगातलं पाणी छातीत चढलं होतं. कसेबसे नेले. त्यानंतर आक्का कुणाला न विचारता गेली आणि एक जुनी पांढरी व्हॅन घेऊन आली, जिचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं तसली. शेडमध्ये लावली, बोनेट नसलेल्या गाडीला हात लावून चारी बाजूंनी फिरली आणि मला म्हणाली, "आता काही होऊ दे सुमे, गाडी निघाली पाहिजे. त्याच्याहून दुसरं काम न्हाई मला."

आणि तिनं ते काम केलं. नंबराच्या आदल्या दिवशी दुपारी शेडमध्ये जाऊन ती पाणी, तेल, हवा, पट्टा, बॅटरी बघायची. थंडीत पहाटे गाडी चालू व्हायला दम खायची म्हणून रात्री तिच्यावर गोधडी पांघरून ठेवायची, आणि त्या गोधडीवरून आमची भांडणंही झाली, कारण गोधडी माझ्या आईनं शिवलेली होती. दवाखान्यात ती पोरकटपणानं मशीनकडे बघत राहायची. तिथल्या तंत्रज्ञ मुलाला तिनं विचारून विचारून हैराण केलं. पंप कुठंय? रक्त कुठून कुठं जातं? फिल्टर कितीदा बदलता? तो म्हणाला, "मावशी, फिल्टर याच पेशंटसाठी धुऊन परत वापरतो." आक्का कमरेवर हात ठेवून माझ्याकडे वळली. "बघ! हे माणसाचा फिल्टर धुऊन वापरायलेत, आन मी गाडीचा धुतला तर तू मला चिक्कू म्हणती." तो मुलगा हसायला लागला, हे हसले, शेजारच्या पलंगावरचे म्हातारबाबाही हसले. त्या खोलीत हसणं तसं दुर्मीळच. पुढं तर तो तंत्रज्ञ त्याच्या स्कूटीचा आवाज ऐकायला आक्काला खाली घेऊन जायचा.

एका उन्हाळ्यातली गोष्ट मात्र मी अजून विसरलेले नाही. गंगाखेडच्या अलीकडे गाडीतून वाफ निघायला लागली. आक्कानं बाजूला घेतली, इंजिन बंद केलं. खाली वाकून बघितलं तर रेडिएटरमधून पाणी ठिबकत होतं. हे मागच्या सीटवर, चेहरा आधीच फुगलेला, आदल्या रात्री यांनी माझा डोळा चुकवून दोन तांबे पाणी प्यायलेलं. मला एकच दिसत होतं, नंबर चुकणार. मी म्हणाले, आक्का लवकर झाकण काढा, पाणी ओता. ती म्हणाली, "घाई केलीस तर वाफ माझ्या तोंडावर यील, मग बापूला कोण नेईल? गप बस." ओलं पोतं टाकून ती थंड होईपर्यंत थांबली. मी रस्त्यावर येरझाऱ्या घालत होते आणि ती रानाच्या बांधावर, धुऱ्यावर बसून शेंगा खात होती. मला तिचा इतका राग कधी आला नव्हता. शेजारच्या रानातला एक माणूस आला, वाकून बघितलं आणि अनुभवी आवाजात म्हणाला, "बाई, एक अंडं फोडून टाका आत. शिजलं की भोक बुजतंय." आक्का ताठ उभी राहिली. "आमच्या घरात अंडं येत न्हाई." तो म्हणाला, "घरात न्हाई ओ, गाडीत टाका." "गाडी घरातलीच हाय," आक्का म्हणाली.

मला वाटलं आता ही बाई सोवळ्यापायी माझ्या नवऱ्याचा जीव घेते. पण तिनं मला रस्त्याकडेच्या हॉटेलात पिटाळलं, हळद मागून आण म्हणाली. हॉटेलवाल्यानं पुडी दिली. तिनं कोमट पाण्यात मूठभर हळद कालवली, रेडिएटरमध्ये ओतली, वरून पाणी भरलं आणि गाडी चालू केली. ठिबकणं थांबलं नाही, पण कमी झालं, आणि बारीक होत होत एक-एक थेंबावर आलं. आम्ही काच खाली करून, इंजिनाची उष्णता निघावी म्हणून हीटर चालू ठेवून, उन्हाळ्यात हीटर लावून, घामानं निथळत परभणीला पोचलो. गाडीला फोडणी न दिलेल्या वरणाचा वास येत होता आणि पुढचा सगळा भाग पिवळ्या शिंतोड्यांनी भरलेला. वॉचमननं विचारलं, "लग्नाहून आलात का?" यांना मशीनला लावलं तेव्हा कुठं मी स्टुलावर टेकले. आक्का खाली जाऊन गाडीशी बोलत होती, हे मी खिडकीतून बघितलं. पुढं मेकॅनिकनं ते रेडिएटर काढलं तेव्हा आत पिवळा चिखल निघाला, आणि तो म्हणाला, "आक्का, अर्धा चमचा टाकायचा असतोय, मूठभर न्हाई." आक्का म्हणाली, "जेवढी भीती वाटली तेवढी टाकली." तेव्हा मला कळलं, धुऱ्यावर शेंगा खाताना तीही घाबरलेलीच होती.

त्या दिवसानंतर तिनं मला गाडी शिकवायला घेतली. माझं वय झालेलं, पाय क्लचवर पुरत नव्हता, पाठीमागं उशी लागायची. पण ती सोडेना. "मला काय झालं तर?" एवढंच म्हणायची, आणि मी ते बोलणं उडवून लावायचे. रस्त्यावर मला जमलं, शेडमध्ये गाडी घेणं जमेना. दोनदा मागच्या भिंतीला धडकवली, दुसऱ्या वेळी इडलीपात्र चेपलं, त्याचं मला मनातून बरंच वाटलं. मग आक्कानं पोळ्याला बैलाच्या शिंगाला बांधतात तसला एक लाल गोंडा आणला आणि पत्र्याच्या आढ्याला दोरीनं टांगला. गोंडा समोरच्या काचेला टेकला की थांबायचं, मागं-पुढं काही बघायचं नाही. बाजारात मला परवाना मिळाल्याचे पेढे वाटत फिरली, पोरीचं लग्न ठरल्यासारखी.

आमच्यात गेलेल्या माणसाला बसवून समाधी देतात. त्याआधी अंघोळ घालताना बायकांनी आक्काचे हात हातात घेतले आणि साबण लावून घासायला लागल्या. साबणानं ते काळं निघत नव्हतं. कसं निघेल? गाडीचं तेल साबणाला दाद देत नाही, ती स्वतः कधी साबण वापरायची नाही. मी आत गेले, वाटीत गोडंतेल घेतलं, त्यात साखर टाकली आणि तिच्या तळहातांना चोळायला बसले, ती चोळायची तसं, आधी तळवे मग बोटांच्या बेचक्या. माझ्या चुलत जावेला वाटलं मला भ्रम झाला. पण हात उजळत गेले. खरबरीत, गार हात... एवढा वेळ तिचे हात माझ्या हातात ती असताना कधी नव्हते. उजव्या अंगठ्याच्या नखाची कड तेवढी काळीच राहिली, मी परत साखर घेतली. हे दारात खुर्चीवर बसले होते, म्हणाले, "राहू दे सुमन. तेवढं तिचंच हाय." मी थांबले. सगळं स्वच्छ करून पाठवायचं असतं खरं, पण ते तसंच राहू दिलं.

लेक पुण्याहून आलेली, म्हणाली, आता इथं कोण आहे तुम्हाला, चला माझ्याकडे. तिचं चुकत नाही. पण यांचा जीव पालममध्ये, आणि माझाही, आणि म्हातारपणी दुसऱ्याच्या तिसऱ्या मजल्यावर खिडकीतून खाली बघत बसायचं म्हणजे... ठरलं असं, की आम्हाला इथून जाणं-येणं जमतंय तोवर राहायचं, एक जरी नंबर चुकला तरी सामान बांधायचं. पहिले काही आठवडे शेजारचे सोपानराव गाडी चालवून न्यायचे. भला माणूस. पण पेरणीचे दिवस आले आणि त्यांनाच कसनुसं व्हायला लागलं, तेव्हा मी म्हणाले, भाऊ तुमी रानात जा, मी नेते. पहिल्याच फेरीत गंगाखेडहून येताना मला ब्रेक मऊ लागला. पाय टेकवला तर पार खाली गेला, दुसऱ्यांदा दाबल्यावर धरला. हळूहळू घरी आणली. मेकॅनिकला सवड झाली ती पुढच्या नंबराच्या आदल्या दिवशी; त्यानं बघितलं, मागच्या चाकातलं एक रबर गेलं होतं आणि तिथून ब्रेकचं तेल झिरपत होतं. त्यानं रबर बदललं, तेवढ्यात त्याला भर पेरणीत कुणाचा तरी ट्रॅक्टर बंद पडल्याचा फोन आला. "काकू, गळती थांबली. पण आत हवा धरलीय, ती काढल्याबिगर ब्रेक धरणार न्हाई. उद्या दुपारी येतो," म्हणून तो गेला. नंबर उद्या सकाळचा होता.

ब्रेकमधली हवा काढणं हे एकट्याचं काम नाही. एकानं आत बसून ब्रेक दाबायचा आणि दुसऱ्यानं चाकापाशी बसून मागची एक बारीक निपल, म्हणजे पोकळ नट, सैल करायची, तिला सलाईनची पारदर्शक नळी लावायची, नळीचं टोक तेलाच्या बाटलीत. आत दाबलं की बाहेर तेल येतं आणि तेलाबरोबर बुडबुडे. आमच्या घरी हे काम नेहमी आम्हा दोघींचं. मी सीटवर, आक्का चाकापाशी. ती तिच्या किनऱ्या आवाजात ओरडायची, "दाब!" मी तीन-चार वेळा दाबायचे. "धर!" मी पाय रोवून धरायचे. ती निपल सैल करून बुडबुडे काढायची, परत आवळायची आणि मग, "सोड!" लवकर सोडला तर हवा परत आत, मग शिव्या. लोक आता मला म्हणतात, आक्कानं तुम्हाला किती शिकवून ठेवलं. काही शिकवून ठेवलं नाही. तिला फक्त एक पाय पाहिजे होता आणि माझा मोकळा असायचा. पण इतक्या वर्षांत तिकडं काय चाललंय हे आरशातून बघत होते एवढं खरं.

मी सतरंजी अंथरून मागच्या चाकापाशी बसले. पाय कुणाचा, हा प्रश्न होता. हे भिंतीला धरून आले. नंबराच्या आदल्या दिवशी यांचे पाय सुजलेले असतात, चप्पलसुद्धा जात नाही. "मी बसतो," म्हणाले, "एवढा जोर हाय अजून." दार उघडून कण्हत सीटवर बसले. मी नळी लावली, पाना बसवला आणि म्हणाले, "दाबा." यांना ऐकू गेलं नाही. "आं?" "ब्रेक दाबा." "दाबलाय की." "आता धरा." धरला नाही, सोडला, हवा गटकन आत गेली. परत तेच. पुन्हा परत तेच. माझे हात तेलानं भरले, पाना निसटायला लागला, ऊन उतरायला आलेलं, आणि मला उद्याची सकाळ दिसायला लागली, पुण्यातली ती खिडकी दिसायला लागली. माझा धीर सुटला आणि मी ओरडले, "दाब!"

तो आवाज माझा नव्हता. चाळीसेक वर्षांच्या संसारात मी यांना एकेरी हाक मारलेली नाही, रागातसुद्धा नाही. मी तशीच थिजून बसले.  मग पुढून, सीटच्या पलीकडून, यांचा आवाज आला.

"दाबलं, आक्का."

"धर," मी म्हणाले, आणि पाना फिरवला. तेलाबरोबर एक मोठा बुडबुडा नळीतून सरकत बाटलीत उतरला. यांनी पाय हलू दिला नाही. मी निपल आवळली. डोळे पुसायचे होते पण दोन्ही हात तेलाचे होते.

"सोड," मी म्हणाले.